‘रन’ : न थांबणाऱ्या शब्दाची गोष्ट

इंग्रजी वाचताना एखादा लांबलचक, अनोळखी शब्द आडवा आला की आपण सावध होतो. कोश काढतो, कोणाला तरी विचारतो, निदान मागचे-पुढचे वाक्य पुन्हा वाचतो. असा शब्द सहसा फसवीत नाही. फसवितो तो ओळखीचा शब्द. पहिलीच्या पुस्तकात चित्रासह भेटलेला, तीन अक्षरांचा, आपल्या मते पूर्ण पाठ झालेला शब्द वीस वर्षांनी एखाद्या करारपत्रात, डॉक्टरांच्या चिठ्ठीत किंवा न्यायालयाच्या कागदात पुन्हा भेटतो आणि निराळेच काही सांगून जातो. त्या वेळी कोश उघडण्याची बुद्धी होत नाही, कारण ‘हा तर मला येतो’ अशी आपली खात्री असते.

वाचकहो, या अंकासाठी असाच एक शब्द घेतला आहे. तो म्हणजे ‘रन’. त्याचा अर्थ विचारला तर घरातले लहान मूलही ‘धावणे’ असे सांगेल. उत्तर बरोबर आहे; पण ते समुद्राच्या ओंजळभर पाण्याइतकेच बरोबर आहे.

कोशकारांची कसोटी

इंग्रजी भाषेचा सर्वांत मोठा ऐतिहासिक कोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. त्याचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली. १९८९ साली वीस खंडांची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा तीत सर्वाधिक जागा अडविणारे क्रियापद होते ‘सेट’. त्याच्या सुमारे ४३० अर्थच्छटा नोंदविल्या होत्या आणि त्यांच्या विवरणाला सुमारे ६०,००० शब्द लागले होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीचे काम सुरू झाले आणि हा मान हातोहात फिरू लागला. २००० साली ‘मेक’ पुढे गेला, २००७ साली ‘पुट’ आणि २०११ साली ‘रन’. या एका क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा कोशकारांनी वेगळ्या केल्या. हे काम पीटर गिलिव्हर या संपादकांनी केले आणि त्यांना त्यासाठी नऊ महिने लागले.

एका विद्वान माणसाला एका शब्दासाठी नऊ महिने लागावेत, ही गोष्ट इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बाळगावी अशी आहे. इंग्रजी शाळेत न शिकलेली एखादी गृहिणी, किंवा नोकरीनिमित्त परप्रांती गेलेला तरुण, अशा शब्दापाशी अडखळला तर त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. शब्दच तसा खोल आहे.

एका शब्दाचे अनेक अर्थ निवडून मांडण्याचे हे शास्त्र आपल्याला परके नाही. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी समानार्थी शब्दांसाठी ‘अभिधानचिंतामणि’ रचला आणि त्याच्या जोडीला अनेक अर्थांच्या शब्दांसाठी ‘अनेकार्थसंग्रह’ हा स्वतंत्र कोश सिद्ध केला. कवी धनंजयांच्या ‘नाममाले’लाही ‘अनेकार्थनाममाले’ची जोड आहे. अकबराच्या काळात समयसुंदर या मुनींनी तर आठ अक्षरांच्या एका वाक्याचे आठ लाखांहून अधिक अर्थ सांगणारा ‘अष्टलक्षी’ हा ग्रंथ लिहिला. शब्दाचा अर्थ तो कोणत्या अपेक्षेने वापरला आहे यावर ठरतो, ही गोष्ट अनेकांताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकाला नव्याने सांगावयास नको. प्रश्न एवढाच आहे, की ‘रन’च्या बाबतीत ती अपेक्षा ओळखावी कशी?

मूळ पाण्याचे, पायांचे नंतर

उत्तराचा पहिला धागा शब्दाच्या जन्मकथेत सापडतो. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाची ‘रिनन’ आणि ‘इर्नन’ अशी दोन रूपे होती. ‘नुकसान’चे बोलीत ‘नुसकान’ व्हावे तशी ही अक्षरांची अदलाबदल. याच कुळातले जर्मन भाषेतले ‘रिनेन’ हे क्रियापद आजही ‘वाहणे’ या अर्थाने वापरले जाते आणि त्याचा भाऊ ‘रेनेन’ हा ‘धावणे’ या अर्थाने. म्हणजे या कुळात धावणे आणि वाहणे आरंभापासून एकत्र नांदत आले आहे.

म्हणूनच इंग्रजीत नदी ‘रन’ होते, नाक ‘रन’ होते, कपड्याचा कच्चा रंग ‘रन’ होतो. आपल्याला हे अर्थ ‘धावणे’पासून फार दूर गेल्यासारखे वाटतात, कारण आपण शब्द शिकलो तो पायांच्या बाजूने. पाण्याच्या बाजूने पाहिले तर ते अगदी घरातले आहेत. मराठीत मात्र नदी वाहते, नाक वाहते आणि रंग जातो किंवा उतरतो. एका इंग्रजी शब्दासाठी येथे आपल्याकडे तीन क्रियापदे लागली.

या कुळाचा आणखी एक धागा आपल्या अंगणापर्यंत येतो. अनेक भाषाभ्यासक ‘रन’चे मूळ ‘वाहणे’ या अर्थाच्या प्राचीन धातूशी जोडतात आणि संस्कृतातील ‘रीति’ हा शब्दही त्याच धातूचा वारस मानतात. ‘रीति’चा जुना अर्थ गती, ओघ, प्रवाह असा आहे, वहिवाट, पद्धत हा अर्थ त्यातून पुढे आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या ओघाने वागणे वाहत आले ती रीत. तेव्हा लग्नाच्या याद्या करताना वडीलधारी मंडळी ‘आपल्याकडची रीत अशी आहे’ असे सांगतात, त्या वेळी त्यांच्या तोंडी ‘रन’चा एक दूरचा नातलगच असतो.

धावणारा आणि धावविणारा

दुसरा धागा व्याकरणाचा आहे. मराठीत क्रिया स्वतः करणे आणि ती दुसऱ्याकडून घडविणे यांसाठी निरनिराळी रूपे आहेत. चालणे आणि चालविणे, पळणे आणि पळविणे, बसणे आणि बसविणे. एक ‘व’ मध्ये आला की कर्तृत्व बदलते. जुन्या इंग्रजीतही धावण्यासाठी एक आणि धावविण्यासाठी दुसरे क्रियापद होते. काळाच्या ओघात ते दुसरे रूप लोपले आणि दोन्ही ओझी एकट्या ‘रन’च्या खांद्यावर आली.

याचा परिणाम असा, की ‘शी रन्स’ म्हणजे ती धावते आणि ‘शी रन्स अ स्कूल’ म्हणजे ती शाळा चालविते. वाक्यात कर्म आले की ‘रन’ बहुधा ‘चालविणे’च्या अंगाने जातो. दुकान, कारखाना, वसतिगृह, संस्था, घर या सर्वांना इंग्रजीत हेच क्रियापद लागते.

येथे दोन भाषांच्या वृत्तीतला एक गमतीचा फरक दिसतो. इंग्रजांची यंत्रे, दुकाने, घड्याळे धावतात, आपली चालतात. घड्याळ चालते, गिरणी चालते, दुकान चालते, पतपेढी चालते. याचा अर्थ आपण संथ आणि ते चपळ, असा काढू नये. दोन्ही भाषांनी पायांची एकेक गती उचलली आणि ‘कार्यरत असणे’ या अमूर्त कल्पनेला ती दिली, इतकेच. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्ये वाफेची यंत्रे, गिरण्या आणि आगगाड्या आल्या. त्यांच्या कामाला शब्द हवा होता आणि ‘रन’ हाताशी होता. पुढे मोटार, वीज, चित्रपट आणि संगणक आले, तसतशी त्याची कामे वाढत गेली. आज संगणकावर आज्ञावली ‘रन’ करणारा विद्यार्थी हा शब्द शिकतो तेव्हा पायांची आठवणही त्याला होत नाही.

आपल्या रेल्वेत इंजिन चालविणाऱ्या लोको पायलटांना व गाडीबरोबर जाणाऱ्या ट्रेन मॅनेजरांना (पूर्वीच्या गार्डांना) ‘रनिंग स्टाफ’ म्हणतात. ते जेथे विश्रांती घेतात ती ‘रनिंग रूम’. आणि त्यांना किलोमीटरच्या हिशोबाने मिळतो तो ‘रनिंग अलाउन्स’. एखाद्या नवख्याला ‘रनिंग रूम’ म्हणजे धावण्याची खोली वाटेल. प्रत्यक्षात ती झोपण्याची खोली आहे.

पेठेतला ‘रन’

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी दुकान, पेढी किंवा लहानमोठा उद्योग आहे. त्यांच्या बोलण्यात हा शब्द रोज येतो. कापडाच्या किंवा किराणा मालाच्या दुकानात जो माल सतत खपतो त्याला ‘रनिंग आयटम’ म्हणतात. सुतार आणि फर्निचरवाले लाकडी पट्टीचा भाव ‘रनिंग फुटा’वर सांगतात, म्हणजे रुंदी न धरता नुसत्या लांबीवर. ठेकेदार काम पुरे होण्यापूर्वी, झालेल्या भागाचे ‘रनिंग बिल’ देतो. ही तिन्ही उदाहरणे पाहिली तर अर्थाचा एक समान गाभा दिसतो: जे खंड न पडता पुढे जात आहे ते ‘रनिंग’. बँकेतल्या ‘करंट अकाउंट’ला आपण ‘चालू खाते’ म्हणतो. त्यातला ‘करंट’ हा शब्दही ‘धावणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलेला आहे. धावत्या खात्याला मराठीने सहजपणे चालते केले.

त्याच बँकेवर मात्र ‘रन’ आला, असे वाचनात आले तर चित्र पालटते. ठेवीदारांचा विश्वास उडून सर्वांनी एकाच वेळी पैसे काढण्यासाठी झुंबड करणे, म्हणजे बँकेवरचा ‘रन’. बँक ‘रन’ करणे आणि बँकेवर ‘रन’ येणे यांत एक उभारणी आहे आणि एक पडझड. शब्द तोच.

मुदत धावू लागते तेव्हा

आता अशा एका जागेकडे वळू, जेथे या शब्दाकडे दुर्लक्ष केल्यास पैशाचे नुकसान होऊ शकते. दावा किती काळात दाखल करावा हे सांगणारा मुदतीचा कायदा आपल्याकडे १९६३ सालचा आहे. त्याच्या परिशिष्टात तीन रकाने आहेत. पहिल्यात दाव्याचे स्वरूप, दुसऱ्यात मुदत आणि तिसऱ्यात ती मुदत कोणत्या क्षणापासून ‘रन’ होऊ लागते ते. येथे ‘रन’चा अर्थ मोजणी सुरू होणे आणि सुरू राहणे असा आहे.

उदाहरणार्थ, उधारीची कोणतीही मुदत न ठरविता माल विकला, तर किमतीच्या वसुलीचा दावा करण्यासाठी तीन वर्षे मिळतात आणि ती माल पोहोचता केल्याच्या दिवसापासून धावू लागतात. उधारीची मुदत ठरली असेल, तर तीच तीन वर्षे ती उधारीची मुदत संपल्यापासून धावतात. वर्षे तीनच, पण ‘कधीपासून’ हे न पाहणाऱ्याचा हिशोब चुकतो. याच कायद्याच्या कलम ९चा आशय असा, की एकदा काळ धावू लागला की नंतर आलेली असमर्थता त्याला थांबवू शकत नाही. मागाहून आजारपण आले, घरात अडचण आली, म्हणून हे घड्याळ थांबत नाही. मात्र मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने देणे लेखी मान्य करून सही दिली, तर त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलांचा सल्ला घ्यावाच. पण नात्यातली उधारी संकोचापोटी वर्षानुवर्षे तशीच ठेवणाऱ्यांनी ‘बिगिन्स टू रन’ हे तीन शब्द ध्यानात ठेवावेत.

फौजदारी निकालपत्रांतही हा शब्द येतो. एका माणसाला एका गुन्ह्यासाठी तीन वर्षे आणि दुसऱ्यासाठी पाच वर्षे शिक्षा झाली आणि दोन्ही शिक्षा ‘रन कन्करंटली’ असे न्यायालयाने म्हटले, तर त्या एकाच वेळी चालतात आणि पाच वर्षांत पुऱ्या होतात. ‘कन्सेक्युटिव्हली’ म्हटले, तर एकीमागून एक अशी आठ वर्षे होतात. ‘रन’च्या शेजारी बसलेल्या एका शब्दाने माणसाच्या आयुष्याची तीन वर्षे ठरतात.

शेजारी कोण बसले आहे?

शेजाऱ्यांची ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. ‘रन’च्या मागे ‘आउट’, ‘इंटू’, ‘ओव्हर’, ‘डाउन’ असा लहानसा शब्द आला की अर्थाची गाडी रूळ बदलते. ‘रन आउट ऑफ’ म्हणजे संपणे. घरातले पीठ, खिशातले पैसे, मनातला धीर, सारे याच शब्दांनी संपते. क्रिकेटमध्ये ‘रन आउट’ झाला की फलंदाज धावबाद होतो. ‘रन ओव्हर’ हा वाहनाखाली येण्याचा भीषण प्रसंग. पण ‘लेट अस रन ओव्हर द अकाउंट्स’ असे कोणी म्हटले, तर त्याला हिशोबावरून एकदा नजर फिरवायची असते. ‘रन डाउन’ तर फारच चंचल. थकून गेलेली व्यक्ती ‘रन डाउन’ असते, पडझड झालेली इमारतही ‘रन डाउन’ असते आणि एखाद्याची निंदा करणे म्हणजेही त्याला ‘रन डाउन’ करणे.

‘रन इंटू’ पाहा. परदेशी असलेल्या नातीने आजीला कळविले, की आज बाजारात ती शेजारच्या काकांना ‘रॅन इंटू’. आजीने अक्षरशः अर्थ घेतला तर काकांना किती लागले या चिंतेने तिला झोप येणार नाही. नातीची काकांशी केवळ अचानक गाठ पडली होती. पण मोटार विजेच्या खांबात ‘रॅन इंटू’ म्हणजे मात्र खरोखरच धडक बसली. कोणी अडचणीत ‘रॅन इंटू’ म्हणजे अडचण समोर उभी राहिली. शब्दांची जोडी एकच; अर्थ ठरविला तो पुढे कोण आले त्याने. माणूस आला की भेट, खांब आला की धडक.

प्रकृतीच्या बोलण्यातही सावध राहावे लागते. ‘रनिंग अ टेंपरेचर’ म्हणजे अंगात ताप असणे. मुलाच्या शाळेतून असा निरोप आला, तर तो खेळाच्या तासाचा वृत्तांत नव्हे. मुलाला घरी आणावयाचे आहे, हे त्यातून समजावे.

निवडणुकीच्या संदर्भात तर इंग्रजी बोलणारे दोन देशही एकमेकांशी सहमत नाहीत. अमेरिकेत उमेदवार पदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये तो ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही निवडणुकीला उभा राहतो. धावपळ तिघांचीही सारखीच होते. भाषेने कोणाला धावते दाखविले, कोणाला उभे.

आपले ‘लागणे’ काय कमी आहे?

एवढे वाचून कोणी म्हणेल, की ही इंग्रजी मोठी विचित्र भाषा आहे. त्यांनी क्षणभर मराठी शिकू पाहणाऱ्या परक्या माणसाच्या जागी बसावे आणि ‘लागणे’ या आपल्या क्रियापदाकडे पाहावे. भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, वेळ लागतो, खर्च लागतो. झाडाला आंबे लागतात, मुलाला नोकरी लागते, फोन लागतो, दिवा लागतो, मुहूर्तावर लग्न लागते. नजर लागते, वाट लागते, सवय लागते. दूध तळाला लागते आणि बोलणे मनाला लागते. तो माझा मामा लागतो. बाळ रडू लागते आणि आईला उठावे लागते. या यादीपुढे कोणताही विद्यार्थी हात टेकील. तरीही आपली चार वर्षांची मुले यातले एकही वाक्य चुकत नाहीत, कारण त्यांनी ‘लागणे’चे अर्थ पाठ केलेले नाहीत, त्यांनी भूक, झोप, दिवा आणि मामा यांच्यासह तो शब्द ऐकला आहे.

इंग्रजीतल्या ‘आउट’ आणि ‘ओव्हर’सारखे शेजारीही आपल्याकडे आहेत. ‘तो बोलून गेला’, ‘तो बोलून बसला’, ‘त्याने बोलून टाकले’, ‘त्याने बोलून दाखविले’. बोलणे एकच, पण पहिल्यात सहजता आहे, दुसऱ्यात पश्चात्ताप, तिसऱ्यात सुटका आणि चौथ्यात प्रकटपणा. ‘जाणे, बसणे, टाकणे, दाखविणे’ यांचे मूळ अर्थ येथे कोणी शोधीत नाही. ‘रन’च्या शेजाऱ्यांकडेही त्याच नजरेने पाहिले तर निम्मी भीती जाईल.

तीन प्रश्न

शब्दार्थांच्या लांब याद्या पाठ करण्याऐवजी ‘रन’ भेटला की मनाशी तीन प्रश्न विचारावेत. पहिला: धावते आहे ते कोण? माणूस वा प्राणी असेल तर पाय, पाणी वा रंग असेल तर प्रवाह, यंत्र असेल तर काम, रस्ता किंवा कुंपण असेल तर विस्तार, करार किंवा मुदत असेल तर काळ. दुसरा: वाक्यात कर्म आहे काय? असेल तर ‘चालविणे’, ‘सोडणे’ किंवा ‘पत्करणे’ या बाजूने पाहावे. ‘रन अ रिस्क’ म्हणजे धोका पत्करणे. तिसरा: मागे लहान शब्द कोणता आहे? तो असेल तर त्या जोडीला एकच शब्द समजून अर्थ पाहावा. ६४५ अर्थांपैकी बहुतेक नित्याच्या अर्थांपर्यंत या तीन पायऱ्यांनी पोहोचता येते.

हे प्रश्न इंग्रजीतून मराठीत लिहिणाऱ्यांनाही उपयोगी पडतील. अलीकडे भाषांतरित मजकुरात ‘आपण वेळेच्या बाहेर धावत आहोत’ अशा धाटणीची वाक्ये दिसतात. इंग्रजी न येणाऱ्या वाचकाला त्यातून काहीच बोध होत नाही आणि येणाऱ्याला हसू येते. ‘वेळ संपत आली आहे’ हे साधे मराठी वाक्य लिहिणाऱ्याला ठाऊक नसते असे नाही. मूळ शब्दाचा एकच अर्थ डोक्यात पक्का बसलेला असल्यामुळे ते सुचत नाही. इंग्रजी अर्धवट कळल्याची किंमत अशा वेळी मराठीला मोजावी लागते. औषधाच्या वेष्टनावरील सूचना किंवा विम्याच्या अटी यांच्या भाषांतरात असे घडले, तर ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट राहत नाही.

नीट समजून घेतलेला शब्द भाषेला काय देऊ शकतो, याचे उदाहरणही याच ‘रन’ने दिले आहे. क्रिकेट आपल्याकडे इंग्रजीतून आले. बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून मराठीत खेळ वर्णन करून सांगितला आणि धाव, धावसंख्या, धावफलक, धावबाद हे शब्द घराघरांत पोहोचले. चौकार मारला की फलंदाजाला धावण्याची गरजही उरत नाही, तरी त्याच्या नावावर चार धावा लागतात. म्हणजे इंग्रजी ‘रन’प्रमाणे मराठी ‘धाव’नेही पायांना मागे सोडून मोजमापाचा अर्थ घेतला. आपल्याकडे देवाचा धावाही असतो, आणि शेवटच्या षटकात दहा धावा हव्या असताना मैदानावर व घरोघरी दोन्ही अर्थ एकत्र येतात. येथे भाषांतर जड झाले नाही, कारण ते करणाऱ्यांना खेळही कळत होता आणि मराठीही.

जाता जाता ‘चालरीत’ या आपल्या जुन्या जोडशब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. ‘चाल’ पायांची आणि ‘रीत’ ओघाची. ‘रन’च्या दोन्ही वाटा, चालणे आणि वाहणे, या एका मराठी शब्दात शेजारी शेजारी आहेत.

पुढील अंकापर्यंत नेहमीप्रमाणे थोडा गृहपाठ. खालील पाच वाक्ये मुलांना आणि आजी-आजोबांना एकत्र बसवून वाचावीत. मुलांनी इंग्रजीचा अर्थ सांगावा आणि मोठ्यांनी त्याला घरगुती मराठी रूप द्यावे. अट एकच: ‘धावणे’ हा शब्द एकाही उत्तरात येता कामा नये.

१. द टॅप इज रनिंग.
२. द बस रन्स एव्हरी अवर.
३. म्युझिक रन्स इन हर फॅमिली.
४. द वेल हॅज रन ड्राय.
५. द फेन्स रन्स अलाँग द रोड.

तिसऱ्या वाक्यापाशी आजी-आजोबांना घराण्याविषयी सांगण्यासारखे बरेच काही आठवेल. त्यांना थांबवू नये. उत्तरे पुढच्या अंकात पाहू.